घड्याळ काढून ठेवणाऱ्या काकांना

काका, सा. न.

शिडाच्या बोटींच्या त्या शर्यतीनंतर तुमची भेट झाली नाही आणि फोन नंबरही माझ्याकडे नाही, म्हणून हे असं उघडच लिहिते आहे.

आधीच्या बोटीवर मी म्हणजे नुसतं वजन होते. इकडे बस, तिकडे सरक, यापलीकडे माझ्याशी कोणी बोललं नाही. सुरुवातीची रेषा जवळ आली की कप्तान सगळ्यांवर ओरडायचा. अशा ओरडण्याने माणसं गप्प होतात आणि जे सांगायला हवं तेही सांगत नाहीत.

तुम्ही मला वेळ मोजायला दिली. तोफेचा किंवा भोंग्याचा आवाज धरायचा नाही, झेंडा पाहायचा, एवढंच सांगितलंत. शर्यत सुटायला पाच मिनिटं उरल्याचा झेंडा चढला, मी घड्याळ सुरू केलं, आणि तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलंत. एक शब्द न बोलता! आता बोटीवर वेळ सांगणारी मी एकटीच होते. मुंबई बंदरात भरतीचं पाणी बोटीला रेषेपलीकडे ढकलत होतं. वेळेआधी रेषा ओलांडली असती तर परत फिरावं लागलं असतं. तरी तुम्ही एकदाही माझ्या हाताकडे वाकून पाहिलं नाहीत.

जे/२४ वर, म्हणजे आपल्या त्या शिडाच्या बोटीवर, पाच जण का लागतात ते मला तेव्हा दिसलं. सुकाणूवरून रेषा नीट कळत नाही, मध्ये जवळजवळ अख्खी बोट आणि जिब, म्हणजे पुढचं शीड, असते. म्हणून नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, दादा बोटांनी दाखवत होता, रेषा अजून किती बोटी लांब आहे ते. जिबवरची ताई शीड फडफडतं ठेवून तुमच्या शब्दाची वाट पाहत होती. एक मिनिट उरलं तसा पी झेंडा, म्हणजे तयारीचा झेंडा, उतरला. वीस सेकंद उरले तेव्हा मी “वीस” म्हटलं, तुम्ही ताईला हळूच “ओढा” म्हणालात, आणि बोट धावत सुटली.

अनुभवी माणसाने नवख्याच्या शब्दावर अख्खी बोट सोडावी, हा मोठेपणा मी फार थोड्यांत पाहिला आहे. घरात, ऑफिसात, कुठेही. तुम्हाला तो करून दाखवायचा नव्हता, म्हणून तो जास्त भावला.

मनापासून आभार, काका. पाऊस संपून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की मी क्लबात येऊन तुम्हाला गाठणार आहे. या खेपेला मला जिब शिकायची आहे.