आटा सापडेपर्यंत उलटा फिरवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. तुमच्याआधी माझं हे '१९११' मॉडेलचं पिस्तूल ज्यांच्या हातात गेलं, त्यांनी 'दोन मिनिटांचं काम' म्हणत त्याची जी वाट लावली, तीही चारचौघांना कळू दे.

काम खरंच छोटं आहे. मुठीच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्रिप, म्हणजे पकडीची पट्टी, प्रत्येकीला दोन स्क्रू. पण हे स्क्रू थेट फ्रेममध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यात, जात नाहीत, फ्रेममध्ये पिळून बसवलेल्या बुशिंगमध्ये, आतून-बाहेरून आटे असलेल्या छोट्या नळीत, जातात, आणि सगळी गोम तिथेच आहे. स्क्रू जाम असेल तर सोडवताना तो एकटा येत नाही, बुशिंगलाही ओढून बाहेर आणतो. अशा वेळी दोघांना बाहेर वेगळं करायचं, बुशिंग आधी फ्रेममध्ये बसवायचं आणि मगच ग्रिप लावायची. त्या गृहस्थांनी ती जोडी तशीच ग्रिपमधून आत रेटली. बुशिंगचे बाहेरचे आटे इंचाला ६०; इतके बारीक की तिरके लागले तरी पाऊण फेरा बिनबोभाट जातात आणि मग एकदम आवळतात. आवळलं म्हणजे बसलं, असं मानून त्यांनी आणखी जोर लावला. अरुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरने खाचेच्या कडा उडवल्या, आणि वर लाल थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा चिकट द्रव, ओतून जणू पुरावाच बुजवला. निळा साध्या हत्याराने सुटतो, लाल सुटायला साधारण २५० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ग्रिप लाकडाची होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तुम्ही एका शब्दाने त्यांना नावं ठेवली नाहीत. मॅगझिन बाहेर, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे अडकवलेली, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि करंगळीने तपासलेलं, आणि मगच हत्याराला हात. स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवून ग्रिप मोकळी केलीत, उरलेल्या तुकड्याला सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवून बुशिंगसकट तो सोडवलात. फ्रेमचे आटे सुदैवाने शाबूत निघाले, गेले होते ते बुशिंगचेच. नाहीतर जास्त व्यासाचं बुशिंग घालून फ्रेमला नवे आटे पाडावे लागले असते.

पण मनात राहिलं ते यातलं काहीच नाही. नवं बुशिंग तुम्ही नुसत्या बोटांनी भोकावर टेकवलंत आणि आधी उलटं फिरवलंत, सावकाश, आट्याचं तोंड आट्यात पडून बारीकसं 'टक्' होईपर्यंत. मग सुलटं, तेही बोटांनीच, दोन पूर्ण फेरे होईपर्यंत. दुसरं बुशिंग मात्र तुम्ही माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, "लागलं का बोटाला?" लागलं, काका. गिऱ्हाइकाला शहाणं करून सोडणारा कारागीर दुर्मीळ. बहुतेकांना गिऱ्हाईक अडाणीच राहिलेलं परवडतं.

नव्या ग्रिप पातळ आहेत, हेही तुम्हीच पाहिलंत. मूळ उंचीचं बुशिंग ठेवलं असतं तर स्क्रू ग्रिपला न दाबता बुशिंगच्या माथ्यावरच अडला असता आणि ग्रिप कायम हलत राहिली असती. म्हणून चारही बुशिंग आखूड घेतलीत. आखूड बुशिंगला जुने लांब स्क्रू लावले तर त्यांची टोकं आत निघून मॅगझिनला घासतात, म्हणून स्क्रूही आखूड. शेवटी रिकामं मॅगझिन घालून, बटण दाबून ते आपल्या वजनाने खाली पडतं का, ते बघितलंत. डाव्या ग्रिपच्या आतली, प्लंजर ट्यूबला (फ्रेमवरच्या स्प्रिंगच्या छोट्या नळीला) आधार देणारी कड नीट टेकते आहे ना, तेही बोट फिरवून पाहिलंत. तिथे कुणाची नजर जात नाही. सचोटीची माणसं बहुधा अशाच झाकल्या जागी ओळखू येतात, आणि दोन मिनिटांत काम उरकणारेही.

निळ्याचा एकच थेंब, तोही काडीने, फक्त बुशिंगच्या बाहेरच्या आट्यांना, स्क्रू कोरडे. चोवीस तास हात लावू नका म्हणालात, लावला नाही. पहिल्या सरावानंतर चारही स्क्रू तपासले, एकही हललेला नाही. उजवीकडच्या खालच्या स्क्रूखाली तुम्ही सुचवलेलं रबरी ओ-रिंग अजून घातलेलं नाही, तेवढं राहिलंय.

आपला ऋणी,
एक पिस्तूलधारक