मागीलदारच्या खताच्या हौदांविषयी

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, मागीलदारी, गोठ्याच्या रिकाम्या जागेलगत, चिऱ्यांचे दोन हौद बांधून घेण्याचे मी ठरवले आहे आणि गवंड्याला आगाऊ पैसेही पोहोचले आहेत. बाबा, तुमच्या वाडीतल्या खड्ड्याला मी नावे ठेवत नाही. आपले माड आणि पोफळी त्याच खतावर वाढल्या. पण तो खाली उतारावर आहे, पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि तुमचा गुडघा कसा आहे हे मला आईकडून कळते, तुमच्याकडून कधीच नाही. शिवाय आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खड्ड्यात पाणी साचले की आत हवा राहत नाही, पाला नीट कुजण्याऐवजी सडतो, घाण सुटते आणि खताचे सत्त्व पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून हे हौद जमिनीच्या वर, कमरेइतके उंच, चिऱ्यांमध्ये फटी सोडलेले आणि पत्र्याने झाकलेले असतील. वाकावे लागणार नाही, आणि विहिरीपासूनही ते मुद्दाम लांब ठेवले आहेत.

खरे सांगायचे तर मला सर्वांत जास्त काळजी झाडांखाली पडलेल्या वाळल्या पानांची, पातेऱ्याची वाटते. शिमगा झाला की तुम्ही तो गोळा करून पेटवता आणि मग रात्रभर खोकता. भाताच्या रोपांसाठी दाढ भाजायची होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती; आता भातच लावत नाही, तर तो धूर कशासाठी? तोच पातेरा हौदात सोने आहे. भाजीच्या देठांत नत्र असते, वाळल्या पानांत कर्ब, आणि दोहोंचा मेळ कर्बाचे २५ ते ३० भाग व नत्राचा १ भाग असा बसला की कुजणे झपाट्याने होते. एवढा हिशेब करत बसू नका; स्वयंपाकघरातला ओला कचरा एक घमेले असेल तर त्यावर दोन-तीन घमेली पातेरा घालायचा, इतके पुरे. आंब्या-फणसाची पाने जाड आणि चिवट असतात, ती चुरून टाकावीत. तळाशी नारळाची सोडणे उपडी मांडावीत, म्हणजे पाणी निथळेल. शेजारच्या गोठ्यातले थोडे शेण पाण्यात कालवून अधूनमधून शिंपडावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकले तर पातेरा वाढवायचा. दर पंधरवड्याला गडी येऊन ढीग वरखाली करील. त्या वेळी मधून वाफ निघेल, ती चांगली खूण आहे. साधारण तीन-चार महिन्यांत एक हौद तयार होईल, तोवर दुसरा भरत राहील.

आई, तुझे काहीही बदलणार नाही. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळींनाच जाईल, तुळशीपर्यंत वास येणार नाही. माशांचे धुवण आणि खवले तू माडाच्या मुळाशी घालतेस ते तसेच घालत जा. हौदात मात्र नको, मांजरे उकरतील. कधी राखाडी, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नकोस, त्या कचराच खातात; पातेऱ्याचा थर वाढवला की कमी होतात.

बाबा, खड्डा उपसताना तुम्ही मला काठावर बसवायचात, काळे ढेकूळ तळहातावर फोडून माझ्या नाकाशी धरायचात. त्यातून गांडूळ वळवळत निघाले की मी किंचाळायची आणि तुम्ही ते बोटाने अलगद उचलून पुन्हा मातीत सोडायचात. तो वास मला अजून ओळखता येतो. नव्या हौदातले खतही तसेच झाले आहे की नाही, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आता नीट ऐका. पातेरा हाताने उचलायचा नाही, दाताळ्यानेच ओढायचा. वाळल्या पाल्यात फुरसे दिसतच नाही आणि बापूकाकांच्या वेळचे तुम्ही विसरला नसाल. पायात बूट घालायचे, नुसत्या चपला नाहीत. कोरडे खत हलवताना नाकाला पंचा बांधायचा, कारण बुरशीची धूळ तुमच्या छातीला सोसणार नाही. संध्याकाळनंतर तिकडे जायचे नाही. जुना खड्डा बुजवायला मी सांगितलेले नाही; झावळ्या आणि जास्तीची सोडणे कुजायला वेळ घेतात, ती त्यात राहू देत. फक्त ती टाकायला गडी जाईल, तुम्ही नाही.

गवंडी अक्षय्य तृतीयेच्या आत काम पुरे करणार आहे. जागा चार हात इकडेतिकडे करायची असेल तर बाबांनीच त्याला दाखवावी, तुमचा शब्द तो माझ्यापेक्षा जास्त मानतो. मृगाच्या आधी मी येते. तोवर पातेरा पेटवू नका, आणि खोकल्याचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

तुमची,
बाय