तक्रार पत्र : डबल पास रेडिएटरमधली अर्धवट वेल्ड केलेली आडपट्टी

दिनांक : १४ जुलै २०२५
फिनिक्स, अ‍ॅरिझोना

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे कार्यालय

विषय : १९७० शेवरोले सी-१० पिकअपसाठी घेतलेल्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरमधील उत्पादनदोष, बदली नगातही तोच दोष, आणि नाकारलेला हमी-दावा

महोदय,

स. न. वि. वि.

तुमच्या तांत्रिक कक्षाशी गेले सात आठवडे मराठीतूनच बोलणे चालू आहे, म्हणून हे पत्रही मराठीत लिहीत आहोत.

एलएस इंजिन (जनरल मोटर्सचे आधुनिक व्ही८) बसवलेल्या १९६७ ते १९७२ च्या सी-१० साठी म्हणून तुम्ही जो दोन ओळींचा, एक इंची नळ्यांचा डबल पास रेडिएटर विकता, तो एप्रिलमध्ये ३८९ डॉलरला घेतला. वाहतुकीचे ५४ डॉलर वेगळे. या गाडीत मूळचे २५० घनइंचाचे सहा सिलिंडरचे इंजिन होते. आता त्या जागी ५.३ लिटरचे एलएम७ हे एलएस इंजिन आणि ४एल६०ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, शिवाय एसी. जाळलेल्या पेट्रोलमधली साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटवाटे बाहेर काढावी लागते. इंजिनाची ताकद वाढली की तो बोजाही वाढतो आणि सहा सिलिंडरचा जुना रेडिएटर अपुरा पडतो. त्यासाठीच हा खर्च केला.

डबल पासच का, ते तुमच्या तक्रार विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. एलएसच्या वॉटर पंपाची दोन्ही तोंडे गाडीच्या उजव्या बाजूला येतात (अमेरिकेत ती शेजारच्या प्रवाशाची बाजू). वरचे सव्वा इंची, खालचे दीड इंची. साध्या क्रॉसफ्लो रेडिएटरमध्ये पाणी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघते, त्यामुळे एक होज इंजिनासमोरून, फॅन आणि पट्ट्याला चुकवत आडवा न्यावा लागतो. डबल पासमध्ये दोन्ही तोंडे उजव्या टाकीलाच असतात. टाकीच्या मध्यावर आतून एक आडपट्टी असते. पाणी वरच्या निम्म्या नळ्यांतून डावीकडे जाते, डाव्या टाकीत खाली वळते आणि खालच्या निम्म्या नळ्यांतून परत येते. ही सगळी रचना त्या एका पट्टीवर उभी आहे. पट्टीला फट राहिली की गरम पाणी कोअरमध्ये (नळ्यांच्या जाळीत) जाण्याचे कष्ट घेत नाही. ते वरच्या तोंडातून शिरून फटीतून थेट खालच्या तोंडाकडे जाते आणि तसेच तापलेले इंजिनात परतते.

पहिल्या आणि तुम्ही बदलून दिलेल्या, अशा दोन्ही नगांत नेमके हेच आहे. पट्टी टाकीच्या बाहेरच्या भिंतीला नीट वेल्ड केलेली आहे. पण हेडर प्लेटच्या बाजूला, जिथे नळ्यांची तोंडे उघडतात, तिथे वेल्ड पोचलेलेच नाही. वरच्या तोंडातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहिले. पहिल्या नगात सुमारे ५० मिमी लांब आणि ४ मिमी रुंद फट, दुसऱ्यात त्याहून थोडी कमी. फटीच्या कडेला वेल्डिंगचा एक गोठलेला थेंब लोंबतो आहे आणि त्याच्यामागे पट्टीची कापलेली कड जशीच्या तशी चकाकते आहे. फोटो जोडले आहेत. बोअरस्कोप हाताशी नसेल तर कोरड्या रेडिएटरच्या खालच्या तोंडात टॉर्च धरा आणि वरच्या तोंडातून आत पाहा. पट्टी पूर्ण बंद असेल तर उजेड दिसत नाही, कारण नळ्यांतून वळसा घालून तो येऊ शकत नाही. आमच्याकडच्या दोन्ही नगांत दिसतो. पॅकिंगपूर्वी ही तपासणी करायला अर्धा मिनिटही लागत नाही.

तुमच्या ७ जुलैच्या उत्तरात म्हटले आहे की प्रत्येक नग २० पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच) हवेच्या दाबाने तपासलेला असतो, म्हणून तो सदोष असू शकत नाही. त्या तपासणीबद्दल आमची तक्रार नाही, रेडिएटर बाहेर कुठेही गळत नाही. पण हवा भरल्यावर पट्टीच्या वर आणि खाली दाब सारखाच असतो. आतली फट या तपासणीत कधीच सापडणार नाही. तुम्ही जे प्रमाणपत्र पाठवले आहे ते वेगळ्याच गोष्टीचे आहे.

आता आकडे. ४२ अंश सेल्सिअस हवेत, एसी चालू ठेवून, गिअर डी मध्ये आणि पाय ब्रेकवर, गाडी जागेवर उभी ठेवली. चौदाव्या मिनिटाला ईसीयूवर (इंजिनाच्या नियंत्रक संगणकावर) ११४ अंश दिसले आणि आकडा चढताच होता, म्हणून इंजिन बंद केले. त्या क्षणी वरच्या तोंडाशी १११, खालच्या तोंडाशी १०६, आणि डाव्या टाकीवर वर ७८, खाली ७४. डबल पासमध्ये डाव्या टाकीचे तापमान आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या मधले असायला हवे. ती दोन्हींहून तीसेक अंश थंड आहे याचा अर्थ तिथवर फारच थोडे पाणी पोचते आहे. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर इन्फ्रारेड थर्मामीटर कमी आकडा दाखवतो, म्हणून सर्व जागी काळी चिकटपट्टी लावूनच मोजले आहे. तुमच्या तंत्रज्ञांनी मोजले तर त्यांनीही तसेच मोजावे, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

त्याच गाडीत, तेच फॅन आणि तेच कूलंट ठेवून, दुसऱ्या उत्पादकाचा त्याच मापाचा डबल पास रेडिएटर बसवला. तितक्याच उन्हात चाळीस मिनिटे उभी ठेवूनही इंजिन ९६ वर स्थिर राहिले. वरचे तोंड ९५, डावी टाकी ९०, खालचे तोंड ८५. बदलला तो फक्त रेडिएटर.

तुम्ही सुचवलेली इतर कारणेही तपासली आहेत. फॅनच्या मोटरवर चालू भारात १३.६ व्होल्ट मिळतात, हवा कोअरमधून इंजिनाकडेच ओढली जाते, आणि श्राउडने (फॅनभोवतीच्या आवरणाने) कोअर पूर्ण झाकलेला आहे. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात ८६ अंशांना उघडू लागला. एलएसमध्ये हवा धरू नये म्हणून हेडवरची स्टीम लाइन (अडकलेली हवा आणि वाफ बाहेर नेणारी बारीक नळी) रेडिएटरच्या वरच्या भागाला जोडलेली आहे आणि कूलंट व्हॅक्यूमने भरले आहे. हेड गॅस्केटसाठी ब्लॉक टेस्ट केली, चाचणीचा द्रव निळाच राहिला. ज्वलनाचे वायू पाण्यात येत असते तर तो पिवळा झाला असता.

‘कूलंट बाहेर उसळले नाही, म्हणजे गाडी तापलीच नाही’ हा तुमचा मुद्दा चुकीचा आहे. निम्मे अँटीफ्रीझ आणि निम्मे डिस्टिल्ड वॉटर, वर १५ पीएसआयचे झाकण, अशा स्थितीत कूलंट सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. ते उसळेपर्यंत वाट पाहणे म्हणजे इंजिन घालवणे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड्स अ‍ॅल्युमिनियमची आहेत. दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि अति तापल्यावर मार बसतो तो हेड्सना आणि गॅस्केटला. सकाळच्या ३० अंशांत हायवेवर हीच गाडी ९७ वर टिकते, म्हणून हा दोष बसवल्या दिवशी लक्षात येत नाही. तो भर उन्हात, सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उघडा पडतो. तुमचा हा माल घेतलेले आणखी किती ग्राहक आपल्या फॅनला आणि थर्मोस्टॅटला दोष देत बसले असतील, याची आम्हाला मनापासून काळजी वाटते.

दावा नाकारताना तुम्ही शेवटचे कारण इलेक्ट्रोलिसिसचे (भटका करंट कूलंटमधून जाऊन धातू खाण्याचे) दिले आहे. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवून मोजले : सर्व बंद असताना ०.०३ व्होल्ट, इंजिन, दोन्ही फॅन, दिवे आणि एसी चालू असताना ०.०६. अ‍ॅल्युमिनियमसाठी ०.१ व्होल्टच्या आत असले की चालते. शिवाय इलेक्ट्रोलिसिसने धातूला बारीक भोके पडतात, न केलेले वेल्ड त्याने नाहीसे होत नाही. दुसरा नग तर गाडीत बसवण्यापूर्वीच टॉर्चने पाहिला होता. त्यात कूलंटचा थेंबही गेलेला नव्हता आणि फट तेव्हाही होती.

याच संदर्भात एक गंभीर बाब. रेडिएटरची बॉडी वायरने चासीला अर्थ करावी, असे तुमच्या सूचनापत्रकात छापले आहे. ते कृपया ताबडतोब काढून टाका. अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर रबराच्या गाद्यांवर, चासीपासून अलग बसवायचा असतो. अर्थ केला की गाडीतला इतरत्र भटकणारा करंट कूलंटमधून त्याच्याकडेच वाट काढतो. इलेक्ट्रोलिसिसचे नाव सांगून दावे नाकारणाऱ्या कंपनीच्या पत्रकात ही सूचना असणे आम्हाला मुळीच मान्य नाही.

स्टीम लाइनच्या पाव इंची एनपीटी (अमेरिकी निमुळत्या आट्यांच्या) तोंडाचे आटे पहिल्या नगात उथळ होते. ते आमच्याकडेच पुन्हा पाडून घेतले, त्याबद्दल काही मागणे नाही.

आमच्या मागण्या अशा. रेडिएटरचे ३८९ डॉलर आणि वाहतुकीचे ५४ असे ४४३ डॉलर या पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत परत करावेत. तिसरा बदली नग नको. दोन्ही सदोष नग आमच्याकडे कोरडे करून ठेवले आहेत. ते तुमच्या खर्चाने न्यावेत आणि एका नगाची उजवी टाकी कापून पट्टीचे फोटो आम्हाला पाठवावेत. या दोन नगांवरच्या बॅच क्रमांकांचा गोदामातला उरलेला माल टॉर्चने तपासल्याशिवाय विकू नये, आणि ज्यांना तो विकला आहे त्यांना लेखी कळवावे. कारखान्यात टाकी हेडरवर बसवण्याआधी पट्टीची हेडरकडची कड वेल्ड करता येत नसेल, तर तिथे खाच ठेवून पट्टी बसवण्याचा किंवा ती कड ब्रेझिंगने (झाळून) बंद करण्याचा विचार तुमच्या अभियंत्यांनी करावा.

ही विक्री अमेरिकेत झाली आहे आणि तुम्ही दोन वर्षांची लेखी हमी दिली आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, ग्राहकोपयोगी मालाला लेखी हमी दिल्यावर त्याच्या मूळ योग्यतेची गर्भित (न लिहिताही लागू असणारी) हमी नाकारता येत नाही. मुदतीत पैसे न मिळाल्यास आम्ही इथल्या स्मॉल क्लेम्स (लहान रकमांच्या दाव्यांच्या) न्यायालयात दावा दाखल करू.

सोबत : पावतीची प्रत, दोन्ही नगांचे बोअरस्कोपचे आणि बॅच क्रमांकांचे फोटो, तापमानाच्या नोंदी, ७ जुलैच्या तुमच्या उत्तराची प्रत.

कळावे,

आपले ग्राहक
(गॅरेजतर्फे)