पांढरं पडलेलं प्रत्येक प्रवाळ ‘ब्लीच’ झालेलं नसतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

एप्रिल 2024 मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग (समुद्र तापून प्रवाळं पांढरी पडणं) जाहीर झालं आणि तो शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. आता घरच्या रीफ टाकीतलं (प्रवाळं ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) प्रवाळ पांढरं दिसलं की हौशी मंडळी तेच निदान करतात, दिवे मंद करतात आणि वाट बघत बसतात. (भारतात कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे हे पत्र परदेशात रीतसर टाकी ठेवणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.)

ब्लीच झालेलं प्रवाळ जिवंत असतं, फक्त त्याच्या पेशींतलं शैवाल गेलेलं असतं. टॉर्च तिरपा धरून भिंगातून पाहिलं की काचेसारखा पातळ थर आणि हलणारे पॉलिप (प्रवाळाचे इवले जीव) दिसतात. मांस गळत असेल तर मात्र उघडा सांगाडा, रिकामे खळगे आणि जिवंत भागाशी स्पष्ट सीमारेषा दिसते. काही दिवसांत त्या पांढऱ्यावर शेवाळ धरतं. रेषेचा फोटो काढा, बारा तासांनी त्याच कोनातून पुन्हा काढा. अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं एक प्रवाळ) कधीकधी एका दिवसात सोलून निघतो, तिथे उशीर परवडत नाही.

औषधाआधी पाणी तपासा. क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, 35 पीपीटी (हजारात 35 भाग), पण ते मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्या प्रमाण द्रावणाने जुळवलेला हवा. निव्वळ आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलं तरी वरचा आकडा चुकू शकतो. तापमान 25-26 अंश, केएच (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) 8 ते 9 अंश. केएच नुसता ‘बरोबर’ असून भागत नाही, तो दिवसाला एका अंशाहून जास्त हलता कामा नये. केएचचं द्रावण थोडं थोडं सोडणारा डोसिंग पंप अडकून मग एकदम सुटला, की दोनच दिवसांत फांद्यांची टोकं जळतात. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणून केएच 11 ठेवणाऱ्यांचंही तेच होतं.

इजा एकाच बाजूला असेल तर रात्री दिवे बंद झाल्यावर शेजारी बघा: गॅलॅक्सिया किंवा युफिलिया या प्रवाळांचे लांब दंशतंतू तिथवर पोचत असतील. अ‍ॅक्रोपोरावर गोल फिकट चावे दिसले तर चपटे कृमी. डिपनंतर (प्रवाळ औषधी द्रावणात बुडवल्यावर) पिपेटने फवारा मारा, पांढऱ्या वाडग्यात ते सुटून पडतात. बुडाशी उघड्या सांगाड्यावरची तपकिरी अंडी डिपने मरत नाहीत. ती खरवडावी लागतात आणि डिप दर आठवड्याला, निदान सहा आठवडे द्यावं लागतं. माँटिपोरा या प्रवाळाची पानं उलटून पाहा. जेमतेम दिसणारे पांढरे समुद्री गोगलगायीसारखे जीव खालच्या अंगाला असतात.

युफिलियावर दुर्गंधीचा तपकिरी लगदा दिसला तर आधी पाणी फिरवणारे पंप बंद करा, लगदा नळीने ओढून टाकीबाहेर काढा. पंप चालू ठेवून हात घातलात तर तो शेजाऱ्यांवर जाऊन बसतो. इतर वेळी रेषा वेगाने चढत असेल तर तिच्यापुढे सेंटिमीटरभर निरोगी भागात फांदी कापून वेगळी लावा आणि कापलेल्या तोंडावर सुपरग्लूचं जेल चोपडा.

निदान न करता सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या मुख्य टाकीत विरघळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो आम्हाला बेजबाबदार वाटतो. फ्लोरिडात 2014 पासून पसरलेल्या मांसगळतीच्या साथीतही अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक मलमात कालवून थेट रेषेवर लावतात, पाण्यात सोडत नाहीत. आणि तिथेही त्याच प्रवाळावर पुढे नवे चट्टे उठतात.

आपले,
काही रीफ टाकीधारक वाचक