पोचपावतीवर पुढच्या दस्त्याचाही क्रमांक हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितलं जातं. दुनळी बंदूक देताना ती बहुधा सुटी करून दिली जाते: ॲक्शनसह (घोडे-चाप असलेला मधला यांत्रिक भाग) मागचा दस्ता, नळ्यांची जोडी आणि नळ्यांखालचा पुढचा दस्ता, म्हणजे फोरएंड. पावतीवर मात्र बोर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप), बनवणाऱ्याचं नाव आणि एकच क्रमांक येतो. एका बंदुकीला नळ्यांच्या दोन जोड्या असतील, किंवा शेजारी सारख्याच दिसणाऱ्या चार दुनळ्या ठेवलेल्या असतील, तर परत घेताना फोरएंडची अदलाबदल होऊ शकते. ती लगेच कळत नाही, कारण परका फोरएंडही पुष्कळदा बसतो. खरा धोका तिथेच आहे.

जुन्या इंग्रजी आणि बेल्जियन दुनळ्या कारागिरांनी हाताने कानस मारून जुळवलेल्या आहेत. नळ्यांखालचा आकडा (हूक) ॲक्शनमधल्या आडव्या खिळीवर टेकतो आणि त्याला खिळीशी घट्ट धरून ठेवण्याचं काम फोरएंडचं लोखंड करतं. या लोखंडाची मागची खोलगट कड ॲक्शनच्या गोल नाकावर फिरते, तर पुढची कळ नळ्यांना डाख दिलेल्या कडीत अडकते. कडीपासून नाकापर्यंतचं अंतर प्रत्येक जोडीचं निराळं असतं, केसभर का होईना. 1875 सालच्या ॲन्सन आणि डीली पद्धतीच्या, बाहेर घोडे न दिसणाऱ्या बंदुकीत तर आतले घोडे चढवणाऱ्या (बार काढायला सज्ज करणाऱ्या) तरफांची टोकंही याच लोखंडाच्या खाचांत असतात. नळ्या खाली झुकवल्या की लोखंड ती टोकं दाबतं. इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर उडवणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या हातोड्या आणि स्प्रिंगाही बहुतेक बंदुकांत फोरएंडमध्येच. त्यामुळे परका फोरएंड लावल्यावर एका बाजूचा घोडा चढत नाही, किंवा एका नळीतलं रिकामं काडतूस उडतं आणि दुसरीतलं तसंच राहतं. दोष ॲक्शनला दिला जातो आणि विनाकारण ॲक्शन उघडली जाते.

दोन जोड्यांची बंदूक म्हणजे 28 आणि 30 इंची नळ्या, किंवा 12 आणि 20 बोर. बारा बोरच्या नळीचा आतला व्यास सुमारे 18.5 मिमी, वीस बोरचा 15.6 मिमी. बाहेरची जाडीही त्यानुसार बदलते, म्हणून बारा बोरच्या फोरएंडमधल्या पन्हळी वीस बोरच्या नळ्यांना सैल पडतात. चांगले बनवणारे दोन्ही जोड्यांवर आणि त्यांच्या फोरएंडवर 1 आणि 2 असे आकडे घालत. शिवाय बंदुकीचा क्रमांक ॲक्शनवर, नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर आणि फोरएंडच्या लोखंडावर कोरलेला असतो. काहींवर पूर्ण क्रमांकाऐवजी शेवटचे दोन-तीन आकडे किंवा जुळणीची खूणच असते. तीसुद्धा पावतीवर लिहून घ्यावी.

बंदूक परत घेताना पाच मिनिटं तिथेच थांबावं. आधी दोन्ही चेंबर (नळ्यांतल्या काडतुसाच्या जागा) रिकामे आहेत ना, ते पाहावं. मग नळ्या बसवून बंद कराव्यात आणि फोरएंड लावण्यापूर्वीच बंदूक हलकेच हलवून पाहावी. फोरएंडच्या दाबाखाली सैलपणा लपतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. आता फोरएंड नाकाशी टेकवून तळहाताने वर दाबावा. कळ तेवढ्या दाबाने ‘टक्’ करून बसली पाहिजे. ठोकावं लागत असेल तर काहीतरी चुकलं आहे, आणि दाबाशिवाय बसत असेल तर लोखंड झिजलेलं तरी आहे किंवा दुसऱ्याचं तरी.

इथे एक फसवा प्रकार आहे. घोडे आत असलेली बंदूक सुटी करताना आणि जोडताना घोडे चढलेलेच असावे लागतात. मधल्या काळात कुणी गंमत म्हणून चाप ओढला, तर तरफा जागच्या हलतात आणि स्वतःचाच फोरएंड बसेनासा होतो. तो ठोकून बसवणं म्हणजे लाकूड फोडणं. लाकडी ठोकळ्याने तरफांची टोकं दाबून घोडे पुन्हा चढवायचे असतात. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिरावर सोडावं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यातली तक्रार वेगळी असते. अक्रोडाचं लाकूड आडव्या अंगाने फुगतं. त्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला, तर 45 मिमी रुंदीला सुमारे अर्धा मिमी फरक पडतो. एप्रिलमध्ये सहज बसणारा फोरएंड ऑगस्टमध्ये अडतो, मग कुणीतरी सँडपेपर घेऊन पन्हळी घासतं आणि थंडीत तो खुळखुळायला लागतो. पावसाळ्यात लाकूड घासूच नये. दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर लोखंडाला आणि नळ्यांना दिव्याची काजळी लावावी, फोरएंड बसवून काढावा आणि जिथे काळा डाग उमटेल तेवढंच खरवडावं. घासून उघडं पडलेलं आतलं लाकूड पाणी पितं, त्याला जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. यंत्राचं तेल मात्र लाकडात अजिबात मुरू देऊ नये, त्याने लाकूड कुजल्यासारखं मऊ होतं आणि कडीच्या खाचेशी, जिथे ते सर्वांत पातळ असतं, तिथेच चिरतं.

फोरएंड हरवलाच तर नुसतं लाकूड नवीन करणं सोपं असतं. शिसम चालतो, पण तो अक्रोडापेक्षा जड असल्याने बंदुकीचा तोल पुढे जातो. लोखंडच गेलं असेल तर नवं लोखंड त्याच ॲक्शनच्या नाकावर आणि त्याच नळ्यांच्या कडीवर घासून जुळवावं लागतं, म्हणून परवानाधारक दुरुस्तीकाराकडे तिन्ही भाग एकत्र न्यावे लागतात. कायद्यात बंदुकीच्या सुट्या भागांनाही बंदुकीचाच दर्जा आहे, त्यामुळे दुसरी जोडी परवान्यावर नोंदलेली असणंही तितकंच गरजेचं.

पावतीवर एवढी एक ओळ वाढली तरी पुरे: ‘ॲक्शन क्र. …, नळ्या क्र. … (जोडी 1/2), फोरएंड क्र. … (1/2)’. जमा करणाऱ्याने ती स्वतः लिहून न्यावी, प्रत्येक फोरएंड त्याच्या नळ्यांना कापडी पट्टीने बांधावा आणि ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाने क्रमांक ताडून मगच सही करावी.

आपला,
एक शस्त्रपरवानाधारक वाचक, सिंधुदुर्ग