‘ते दार उघडत नाही, पलीकडून बसा’

महोदय,

वाहनांच्या पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीविषयी आपल्या दैनिकात नुकतीच जी माहिती प्रसिद्ध झाली, ती उपयुक्त होती. ब्रेक, वायपर, टायर आणि बॅटरी यांची तपासणी कशी करावी, हे तिच्यात नेमकेपणाने सांगितले होते. दाराच्या लॅचचा, म्हणजे दार बंद धरून ठेवणाऱ्या आतल्या यंत्रणेचा, उल्लेख मात्र राहून गेला होता, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही उणीव मला मोठी वाटते. ‘ते दार उघडत नाही, पलीकडून बसा’ हे वाक्य आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकलेले असते, की त्यात काही धोका आहे हे ध्यानातच येत नाही. आमच्याही आले नव्हते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीला आलेल्या पुरात आमची गाडी खिडक्यांच्या काचांपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर इंजिन, वायरिंग आणि सीट यांवर आम्ही बराच खर्च केला. दारे नीट उघडत होती व लागत होती, म्हणून ती कोणी खोलून पाहिली नाहीत. पुढे काही वर्षांनी मागचे डावे दार जड झाले, नंतर हँडल दोन-तीनदा ओढावे लागू लागले, आणि एके दिवशी ते आतून आणि बाहेरूनही उघडेनासे झाले. त्या दिवशी बहादूरशेख नाक्याजवळ माझ्या ७८ वर्षांच्या आईला सीटवरून सरकत सरकत उजव्या दाराने, म्हणजे वाहत्या रहदारीच्या बाजूने, उतरावे लागले. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने माझे मनगट घट्ट धरून ती पाय खाली टेकवत असताना आमच्या अगदी जवळून एक ट्रक गेला. तिच्या बोटांची ती पकड मला अजून जाणवते.

गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा लॅच न उघडताच ‘हे दारच बदलावे लागेल’ असे सांगण्यात आले. भंगारातून दार आणून, रंग देऊन बसवण्याचा खर्च साडेसहा हजार रुपये होता. एस.टी.च्या आगारात यांत्रिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले आमचे शेजारी मात्र म्हणाले, की आधी दार उघडू, बिघाड कुठे आहे ते पाहू आणि मग काय ते ठरवू. पुढचे काम त्यांच्या हाताखाली मी स्वतः केले, म्हणून ते थोडे तपशिलात लिहितो.

हँडल दोन असले तरी लॅच एकच असते. दोन्ही हँडलपासून निघालेले लोखंडी रॉड (काही गाड्यांत केबल) दाराच्या आतून लॅचपर्यंत जातात. एकाच हँडलने दार उघडत नसेल, तर बहुधा त्या बाजूच्या रॉडची प्लॅस्टिकची क्लिप तुटलेली किंवा निसटलेली असते. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल, तर दाराच्या कडेवरचे चाइल्ड लॉक चुकून लागले आहे का, तेही पाहावे. दोन्हीकडून दार उघडत नसेल, तर दोष बहुधा लॅचमध्येच असतो. आमचा प्रकार हाच होता. गंज सोडवणाऱ्या स्प्रेची बारीक नळी दाराच्या फटीतून आत सारून आम्ही तो मारला आणि रात्रभर तसाच मुरू दिला. सकाळी मुलाने आतले हँडल ओढून धरले, मी बाहेरचे धरले, आणि शेजाऱ्यांनी दार गुडघ्याने आत दाबले. दार आत दाबले, की रबराच्या पट्टीमुळे लॅचवर येणारा ताण कमी होतो. अडकलेल्या दाराला बाहेर हिसके देत राहिल्याने हा ताण उलट वाढतो आणि हँडल मात्र तुटते. सातव्या-आठव्या खेपेला खटका सुटला.

मग काच पूर्ण वर करून दाराचे आतले पॅड काढले, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोडवला आणि दाराच्या कडेवरचे तीन स्क्रू काढून लॅच बाहेर घेतले. ते तळहातावर आपटताच भुरकट गाळाची पूड पडली. पुराचा तो गाळ इतकी वर्षे जुन्या ग्रीसमध्ये मिसळून दगडासारखा घट्ट झाला होता, आणि स्प्रिंगला तिचा खटका मागे ढकलता येत नव्हता. स्प्रिंग शाबूत होती, एकही भाग झिजलेला नव्हता. लॅच डिझेलमध्ये भिजत ठेवून टूथब्रशने घासले, पुसून कोरडे केले आणि पांढरे लिथियम ग्रीस लावले. नुसता स्प्रे मारून थांबणे पुरत नाही, कारण तो काही दिवसांत उडून जातो आणि आतले लोखंड पुन्हा कोरडे पडते. दाराच्या तळाची पाणी वाहून जाण्याची भोकेही गाळाने बुजली होती. ती तारेने मोकळी केली. एक तुटकी क्लिप बदलली. सगळा खर्च तीनशे रुपयांच्या आत झाला.

येथे एक सूचना मुद्दाम करतो. लॅच बसवल्यावर दार लगेच लावू नये. दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरने लॅचचा आकडा आत ढकलावा. दोन वेळा ‘टक्’ असा आवाज यायला हवा, आणि नंतर दोन्ही हँडलनी तो आकडा सुटायला हवा. दाराला दोन टप्पे असतात: पहिल्या आवाजाला ते अर्धवट अडकते, दुसऱ्याला पक्के बसते. ज्या जुन्या गाडीचे दार पहिल्याच टप्प्यावर राहून खडखडते, तिच्या बिजागऱ्या झिजून दार खाली आले आहे का, हे दाराची मोकळी कड हाताने उचलून पाहावे. असे दार वळणावर उघडू शकते. पट्टा न लावता मागे बसलेल्या मुलांच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. आणि न उघडणारे दार अपघातानंतर मदतीला आलेल्या माणसांनाही उघडत नाही.

खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे झाल्यावर नूतनीकरणासाठी तपासणी होते आणि पुढे दर ५ वर्षांनी ती पुन्हा करावी लागते. या तपासणीच्या वेळी प्रत्येक दार एकदा आतून आणि एकदा बाहेरून उघडून पाहावे, आणि ते दुसऱ्या टप्प्यापर्यंत लागते का याची खात्री करूनच गाडी योग्य ठरवावी, अशी माझी परिवहन विभागाला विनंती आहे. चार दारांना मिळून एक-दोन मिनिटेसुद्धा लागणार नाहीत. चिपळूण, महाड यांसारख्या पूर येणाऱ्या गावांतील गाडीमालकांनी तर तपासणीची वाट न पाहता चारही दारांची पॅड एकदा काढून आत गाळ उरला आहे का, ते पाहावे. आमच्या उरलेल्या तीनही दारांत तो निघाला.

आपला,
एक वाचक, चिपळूण