“तो अजून बांधावरच आहे का?” असं विचारणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही, कारण लिहू का म्हणून तुम्हाला विचारलेलं नाही. आपल्या तालुक्यातल्या ग्रंथालयात पुस्तकं बदलायला येणारं माणूस हे वाचून तुम्हाला ओळखेलच. ओळखू दे. तुमचे आभार चार लोकांदेखत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

कादंबरी परवा रात्री पुरी झाली. शेवटची ओळ लिहिली आणि रडू कोसळलं. घरच्यांना वाटलं, एवढं मोठं काम हातावेगळं झालं म्हणून रडते आहे. खरं तर मला तुमचा त्या रात्रीचा फोन आठवत होता. त्या फोनबद्दल पुढं लिहितेच.

तुम्हाला कादंबरी पाठ आहे, पण इतरांसाठी थोडं सांगते. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ ही गोष्ट मी आपल्या गोव्यातल्या खाजनात, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधानं अडवून केलेल्या भातशेतीत आणली. वाट चुकलेला बाप, त्याला मिळालेला आसरा, लेकीसाठी त्यानं न विचारता तोडलेलं फूल, सगळं तेच. फक्त गुलाबाच्या जागी सुरंगी आहे, आणि वाड्यातल्या पशूच्या जागी बांधाची राखण करणारा देवचार. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. लहानपणी आजीनं ज्याच्या नावानं रोट ठेवायला लावला, तोच. माझा देवचार एके काळी माणूस होता आणि शापानं बांधाला बांधला गेला. भरती आली की मानशीची, म्हणजे बांधात पाण्यासाठी ठेवलेल्या मोरीची दारं पाण्याच्या रेट्यानं मिटतात, ओहोटीला आपसूक उघडतात. त्या दारांनाच मी त्याचा शाप जोडला. माहेरी गेलेल्या नायिकेनं अमुक ओहोटीच्या आत परतायचं, नाहीतर बांध जाईल आणि बांधाबरोबर तोही. बांध गेला म्हणजे काय होतं, हे खाजनातल्या माणसाला समजवावं लागत नाही. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की भात त्या एका वर्षापुरतंच जात नाही.

ही प्रेमकथा आहे. मोठ्या माणसांची, मोठ्या माणसांसाठी. हे मी कधी लपवलं नाही आणि तिथंच सगळं अडलं.

एका लेखन शिबिरात मी पहिली प्रकरणं वाचली. व्यासपीठावरच्या मान्यवरांनी मधेच हात वर केला. “परीकथा लहान मुलांसाठी असतात, आणि प्रेमकथा कॉलेजातल्या पोरींसाठी. तुम्ही नक्की कुणासाठी लिहिताय?” समोरचे हसले. मान्यवर उत्तरासाठी थांबले नाहीत, पुढच्याचं नाव पुकारलं. एका प्रकाशकांकडे बाड कितीतरी महिने पडून होतं. परत आलं तेव्हा सोबत एवढाच निरोप होता की गोव्यावर लिहायचं तर खाणींवर लिहा, भाषावादावर लिहा, भुताखेतांची लग्नं कोण वाचणार? पहिली पंचवीस पानं सोडली तर बाकीची उलटलेलीसुद्धा नव्हती. न उलटलेलं पान हाताला कळतं, ताई. मी त्यांना दोष देते आहे आणि तो देताना मला संकोच वाटत नाही. नापसंती मी सोसली असती. पण दोघांपैकी एकानंही मला कथेबद्दल साधा प्रश्न विचारला नाही. त्यांना आधीच सगळं ठाऊक होतं.

त्यानंतर मी लिहिणं सोडलं. गोष्ट मधेच तुटली. नायिका माहेरी, बाप अंथरुणाला खिळलेला, आषाढाचा पाऊस, आणि बांधाला जिथं चीर पडली तिथं तो पाठ लावून उभा.

मग एकदा पुस्तकं परत करताना माझी वही चुकून त्यांच्यात गेली. तुम्ही ती उघडली नाहीत. मी पुढच्या खेपेला आले तेव्हा ती ड्रॉवरमधून काढून माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, “वहीवर नाव दिसलं म्हणून तुझी हे कळलं. वाचू?” तोवर मला कुणी असं विचारलंच नव्हतं.

तुम्ही वाचलीत. आणि मग एकेक पुस्तक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवू लागलात. काही आपल्याच कपाटातली, काही पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आलेली. १८३२ साली सुरू झालेलं ते ग्रंथालय, आणि त्यातली परीकथांवरची जाडजूड पुस्तकं माझ्यासारखीच्या घरी, खाजनाकाठच्या वाड्यावर! ती कशी आणलीत ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या पुस्तकांनी माझी मान ताठ केली. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ पहिल्यांदा छापली ती १७४० साली, फ्रान्समध्ये, मादाम द विलनव्ह या बाईंनी. ती चांगली कादंबरीएवढी लांब आहे आणि मोठ्यांसाठी लिहिलेली आहे. १७५६ साली लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या मादाम द बोमाँ यांनी ती आखूड करून आपल्या विद्यार्थिनींच्या वयाला साजेशी केली, आणि जगाला आज माहीत आहे ती हीच. म्हणजे मोठ्यांची गोष्ट मुलांना दिली गेली, आणि अडीचशे वर्षांनी मोठ्यांनी ती परत मागितली तर त्यांना हसतात. विलनव्हबाईंच्या पशूवर कुरूपतेच्या जोडीला आणखी एक शाप आहे. त्यानं आपली बुद्धीही दाखवायची नाही. सुंदर दिसायचं नाही, सुंदर बोलायचंही नाही, आणि तरी कुणी आपल्यावर जीव लावावा. हे वाचलं त्या दिवशी मी माझ्या देवचाराची सगळी लांबलचक भाषणं काढून टाकली. आता तो फार थोडं बोलतो.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते त्याच्या रोजच्या प्रश्नानं. विलनव्हबाईंचा पशू रोज रात्री तिला विचारतो की माझ्या शेजारी निजशील का. बोमाँबाईंनी तो प्रश्न ‘माझ्याशी लग्न करशील का’ असा सोज्वळ केला. दोन्हींत ती नाही म्हणते. वाडा त्याचा, ताकद त्याची, ती त्याच्या ताब्यात. तरी तो तिचं ‘नाही’ ऐकतो आणि निघून जातो. दुसऱ्या रात्री पुन्हा विचारतो.

याच्यासमोर निद्रिस्त राजकन्येची जुनी गोष्ट ठेवून पाहा, असं तुम्हीच मला सुचवलंत. नेपल्सच्या बाझिले या लेखकाची, त्याच्या मृत्यूनंतर १६३४ ते ३६ च्या दरम्यान छापलेली. तिथं झोपलेल्या तालियाला राजा काही विचारत नाही. ती झोपेतच आई होते. १६९७ मध्ये फ्रान्सच्या पेरोनं तीच गोष्ट सांगितली तेव्हा राजपुत्र तिच्यापुढं गुडघे टेकतो आणि ती आपली आपण जागी होते; उठवणारं चुंबन पुढं ग्रिम बंधूंच्या कथेत आलं. आणि आपल्याकडे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात, पुरूरवा विनवण्या करतो आणि उर्वशी त्याला तोंडावर नाही म्हणते. इतकं जुनं आहे हे. एकानं विचारावं आणि दुसऱ्याला नाही म्हणता यावं, ही मोठ्यांच्याच आयुष्यातली गोष्ट आहे. तिला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नाही. साळ गावच्या गड्यांच्या जत्रेला देवचाराची खूण दिसेल म्हणून काळोखात डोंगराकडे डोळे लावून बसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जाऊन कुणी सांगेल का, की हे मुलांसाठी आहे, घरी जा म्हणून?

आता तो फोन. आषाढातली रात्र, वीज गेलेली, पत्र्यांवर असा पाऊस की माणसाचा आवाज माणसाला ऐकू येऊ नये. तुमचा नंबर पाहून मी घाबरले, कारण तुम्ही कधी फोन करत नाही. तुम्ही म्हणालात, “बाय, तो आजून बांदाचेरच आसा गो? हांगा खूब पावस पडटा.”

बस्स. पुढं लिही म्हणाला नाहीत. छान लिहितेस असंही नाही. आपल्या वाड्यावरचा कुणी घरी परतला नसेल तर ज्या काळजीनं शेजारीण विचारेल, त्या काळजीनं तुम्ही त्याची चौकशी केलीत. एवढ्या पावसात तो भिजतो आहे, आणि त्याला तिथं ठेवून मी घरात कोरडी बसले आहे, हे तुम्हाला सहन झालं नाही. मला काय बोलावं ते सुचेना. “हो ताई, आहे अजून,” एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, “बरं.” आणि फोन ठेवलात.

मी मेणबत्ती लावली आणि वही काढली. त्या रात्री नायिका माहेराहून निघाली. कमरेएवढ्या पाण्यातून, हातात चूड घेऊन, मानशीची दारं उघडायच्या आत. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं आणि त्यातला शब्द मग बदलला नाही.

लिहिणाऱ्याला काय लागतं याची चर्चा मी शिबिरांतून पुष्कळ ऐकली आहे. मला लागलं ते एवढंच, की मी कल्पनेनं घडवलेल्या माणसाला थंडी वाजत असेल असं माझ्याशिवाय आणखी एका जिवाला वाटावं.

तुमच्यासारखी माणसं गोव्यात अजून आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. धावत येणाऱ्या पोरीला पाहून फेरीबोट क्षणभर थोपवणारा माणूस मी पाहिला आहे. बाजारात म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची पिशवी स्वतः उचलून कदंबा बसपर्यंत नेऊन देणारी मासळीवालीही पाहिली आहे. यांना कुणी शाल देत नाही, यांचं नाव पत्रिकेवर छापत नाही. पण दिवस यांच्या जिवावर चालतो. व्यासपीठावर बसलेल्या माणसाला विद्वत्तेबरोबर यातलं थोडं असतं, तर त्या शिबिरातून मी रडत बाहेर पडले नसते. माझ्याबरोबर त्या दिवशी एक कोवळी मुलगी होती, तिनंही परीच्या गोष्टीतूनच कविता केली होती. माझी गत पाहून तिनं कागद पिशवीत परत ठेवला. ती पुन्हा दिसली नाही. ती हे वाचत असेल तर तिनं एकदा तुमच्या काउंटरवर यावं. तुम्ही तिचा कागद तिच्या परवानगीनंच वाचाल, याची मी हमी देते.

ताई, शेवटच्या प्रकरणात तुम्हाला एक गोष्ट वेगळी दिसेल. शाप सुटल्यावर माझा देवचार देखणा राजपुत्र होत नाही. केस पिकलेला, हाताला चिखलाच्या भेगा पडलेला साधा माणूस होतो, आणि तरी ती त्याच्याकडेच जाते. यावर कदाचित पुन्हा कुणी हसेल. आता मला त्याचं भय उरलेलं नाही. तुम्हाला तो असाच आवडेल की नाही, एवढीच धाकधूक आहे.

सगळं हस्तलिखित सोमवारी घेऊन येते. पहिलं पान कोरं ठेवलं आहे, अर्पणपत्रिकेसाठी. तिथं तुमचं नाव घालायची माझी फार इच्छा आहे. घालू? नको म्हणालात तर नाही घालणार, आणि का म्हणून विचारणारही नाही.

तुमची,
बांधाकडच्या वाड्यावरची वाचक